घंटा नाशिकला गेल्या होत्या

नाताळ लहान मुलांना समजावून सांगावा लागत नाही. गोठ्यात बाळ जन्मलं, मेंढपाळ आले, आकाशात तारा दिसला, एवढं त्यांना पुरतं. ईस्टरचं तसं नाही. त्या बाळाचा आता मोठा माणूस झालेला असतो, त्याला त्याच्याच मित्राने पकडून दिलेलं असतं, आणि रविवारच्या आनंदापर्यंत पोचायचं तर शुक्रवारी त्याला मारलेलं बघावं लागतं. घरात सहा वर्षांची थोरली आणि साडेतीन वर्षांचा धाकटा असताना हे त्यांच्यापुढे कसं मांडायचं, हा प्रश्न २०२४ च्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, माझ्यापुढे उभा राहिला. तोवर पवित्र आठवड्यात मुलांना सासूसासऱ्यांकडे सोपवून आम्ही दोघं निवांत चर्चला जात असू. आदल्या पावसाळ्यात सासरे गेले. सासूबाई एकट्या दोघांना आवरणार कशा? शिवाय त्यांनाही चर्चला यायचं होतं. म्हणून ठरवलं, सगळ्या विधींना सगळ्यांनी जायचं.

आम्ही वसईचे, कुपारी या इथल्या कॅथलिक समाजातले. घरामागे केळीची वाडी, पलीकडे नवी सोसायटी. हल्ली मुलांच्या ईस्टरचं तयार सामान मॉलमध्येच मिळतं: कानवाला ससा, चॉकलेटची अंडी, रंगीत टोपली. ससा जर्मनीकडचा. त्याचं आमच्या वाडीशी काही नातं नाही, पण माझं त्याच्याशी भांडणही नाही. मुलांना तो आवडतो. फक्त मला वाटत होतं की चर्चमध्येच त्या आठवड्यात मुलांच्या हाताला, नाकाला, कानाला इतकं काही मिळतं की ससा मागेच पडावा. राख, झावळ्या, पाणी, लाकडाचा खडखडाट, काळोख, आग. मोठी माणसं प्रवचन ऐकतात. लहानांसाठी हेच प्रवचन.

सुरुवात राखेच्या बुधवारी झाली, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी. त्या वर्षी तो नेमका १४ फेब्रुवारीला आला होता, म्हणजे कपाळावर राख आणि बाजारात लाल फुगे. ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून करतात. त्यासाठी घराघरांतून जुन्या झावळ्या आणि त्यांचे विणलेले क्रूस चर्चमध्ये गोळा होतात. आमच्याकडचा क्रूस येशूच्या तसबिरीमागे खोचलेला होता, वाळून बिस्किटाच्या रंगाचा झालेला. नारळाच्या कोवळ्या पातीचा तो क्रूस सासऱ्यांनी विणला होता, शेवटचा. थोरलीने तो द्यायला साफ नकार दिला. मी आग्रह केला नाही. चर्चमध्ये राखेची टंचाई पडणार नव्हती.

उपासाचे नियम लहानांना लागू नाहीत. मांस वर्ज्य करायचं ते चौदाव्या वर्षापासून, आणि उपास अठरा ते एकोणसाठ या वयातल्यांनी. तरी धर्मशिक्षणाच्या वर्गातून थोरली ‘त्याग’ हा विषय घेऊन आली. तिने शुक्रवारचं कार्टून सोडलं आणि खरंच पाळलं. धाकट्याने जेवताना जाहीर केलं की त्याने दुधी भोपळा सोडला आहे. तो दुधी खातच नाही. सासूबाई म्हणाल्या, असू दे, निदान आनंदाने सोडलाय. त्याच्यासाठी खरा त्याग वेगळाच होता: आलेलुया. उपवासकाळात देवाच्या स्तुतीचा हा शब्द चर्चमध्ये गायला जात नाही, थेट ईस्टरच्या रात्री परत येतो. नाताळात शिकलेलं आलेलुया तो न्हाणीघरात तार स्वरात म्हणायचा आणि बाहेरून थोरली दार बडवायची, ‘आत्ता नाही म्हणायचं!’

झावळ्यांचा रविवार २४ मार्चला होता, आणि त्याच रात्री होळी. ईस्टर ठरतो वसंतातल्या पौर्णिमेवरून, तिच्यानंतरचा रविवार. ती पौर्णिमा कधी आपल्या चैत्रातली असते, कधी फाल्गुनातली. त्या वर्षी फाल्गुनातली होती. त्यामुळे सकाळी होसान्ना म्हणत झावळी हलवत मिरवणूक, संध्याकाळी सोसायटीच्या मुलांबरोबर होळीभोवती बोंबाबोंब, दुसऱ्या दिवशी धुळवड. शेजारच्या काकूंनी पुरणपोळ्या पाठवल्या. उपवासकाळात गोड सोडलेल्या माझ्या नवऱ्याने त्या पोळ्यांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर खरी प्रायश्चित्ताची. धाकट्याच्या कानामागचा गुलाबी रंग पवित्र गुरुवारपर्यंत टिकला.

मंगळवारी आम्ही परातीत माती भरून एक छोटी बाग केली. मध्ये अर्धी करवंटी पालथी घातली, तिची एक कड फोडून तोंड केलं, तोंडाशी चपटा दगड. ही कबर. भोवती मोहरी पेरली. मोहरी बरी पडते, तीनचार दिवसांत हिरवी दिसायला लागते आणि रविवारपर्यंत बागेला शोभेल इतकी वाढते. मेथी पेरली तरी चालते, पण मोहरीच्या दाण्याची गोष्ट येशूनेच सांगितलेली असल्यामुळे थोरलीने मोहरीचाच हट्ट धरला. मुलांना रोज पाणी शिंपडायचं काम मिळालं. दगड मात्र रविवारपर्यंत हलवायचा नाही, असं ठरलं होतं. धाकटा आत कोण आहे ते बघायला दिवसातून कितीतरी वेळा हलवायचा. थोरलीच्या मते त्याने पुनरुत्थान वाया घालवलं.

पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, फादर बारा जणांचे पाय धुतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे धुतले तसे. पूर्वी त्यात फक्त पुरुष असायचे. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलल्यापासून बायकाही बसू शकतात. गावातली एक म्हातारी आजी खुर्चीवर बसली होती, पाय तांब्याखाली धरून, लाजून चूर. मुलं बाकावर उभी राहून बघत होती. एरवी चर्चमध्ये ‘कधी संपणार’ विचारणारा धाकटा एकदम म्हणाला, ‘फादरनी साबण नाही लावला.’

घरी आल्यावर दोघांनी सासूबाईंना ओट्यावर बसवलं. त्या नको नको म्हणत होत्या. वाडीत आयुष्य गेलेले पाय, टाचांना भेगा, ते नातवंडांच्या हातात द्यायचे म्हणजे त्यांना कसंतरीच झालं. पण साडी वर खोचून बसल्या. थोरलीने तांब्याने हळूहळू पाणी ओतलं, धाकट्याने चर्चमधली उणीव भरून काढत शॅम्पूची बाटली अर्धी रिकामी केली. फेस अंगणभर. मग दोघांत भांडण झालं की पुसायचं कोणी. पुसताना थोरलीने विचारलं, ‘आजी, तुझे पाय आजोबा धुवायचे?’ सासूबाई म्हणाल्या, ‘ते कसले धुतात! मीच त्यांचे गरम पाण्यात घालून द्यायचे.’ आणि हसल्या. त्या पावसाळ्यानंतर सासऱ्यांचं नाव घेऊन त्यांना असं हसताना मी तेव्हा पाहिलं.

गुरुवारच्या मिस्सेतच ग्लोरिया हे स्तुतिगीत गाताना घंटा वाजतात आणि मग गप्प होतात, त्या शनिवारच्या रात्रीपर्यंत. मधल्या वेळात घंटेऐवजी लाकडाचं खडखड वाजणारं यंत्र फिरवतात. तो कोरडा आवाज मला लहानपणापासून घाबरवतो. धाकट्याला तो इतका आवडला की घरी पाट आणि लाटणं घेऊन सुरू झाला. त्याने विचारलं, घंटा का वाजत नाहीत? थोरलीने ताबडतोब सांगितलं, ‘घंटा नाशिकला गेल्यात.’

हे सासऱ्यांचं. युरोपात काही ठिकाणी मुलांना सांगतात की या दिवसांत घंटा रोमला उडून जातात आणि ईस्टरला परत येतात. सासऱ्यांनी वसईकराला शोभेल अशी त्यात दुरुस्ती केली होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, तेव्हा इथल्या चर्चमधल्या मोठाल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी सरदारांनी देवळांना दिल्या. एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीला, आणि सगळ्यांत प्रसिद्ध ती नाशिकची नारोशंकराची घंटा. गोदावरीच्या काठी ती आम्ही थोरलीला दाखवून आणलेली. ‘आपल्या घंटा अधूनमधून त्यांच्या बहिणींना भेटायला जातात,’ असं सासरे सांगायचे. ती गोष्ट नात आता भावाला सांगत होती, शब्दही तेच. मी मध्ये पडले नाही. धर्मशास्त्रात बसत नसेल, इतिहासात नातं लागतं.

शुक्रवार. सकाळी पेज आणि लोणचं, मुलांनाही तेच, त्यांनी मागितलं म्हणून. आमच्या भागात त्या दिवशी तरुण मंडळी क्रूसाच्या वाटेचा जिवंत देखावा करतात, चाबूक, रक्त, किंकाळ्या सगळं. तिथे मुलांना नेलं नाही. काही ओळखीच्या आया नेतात, म्हणतात, बघू देत, कळू देत. मला नाही पटत. सहा वर्षांच्या मुलीला रंगाचं रक्त आणि खरं रक्त यातला फरक ठाऊक असतो, साडेतीन वर्षांच्याला नसतो. पण दुसऱ्या टोकाला जाऊन शुक्रवार गाळायचा आणि थेट रविवारच्या अंड्यांवर यायचं, हेही मला मान्य नाही. मग रविवारी आनंद कशाचा करायचा?

मी सकाळीच दोघांना सरळ सांगितलं. येशू चांगलं बोलायचा, आजाऱ्यांना बरं करायचा, गरिबांबरोबर जेवायचा. काही मोठ्या लोकांना ते खपलं नाही. त्यांनी त्याला क्रूसावर खिळलं आणि तो मेला. त्याची आई तिथे उभी होती. खिळे, जखमा यांचं वर्णन केलं नाही, पण ‘झोपला’ असंही म्हटलं नाही. मेला म्हणजे मेला. झोपला म्हटलं असतं तर धाकट्याला रात्री झोपवणं अवघड झालं असतं, हेही खरं.

दुपारच्या विधीत योहानाच्या शुभवर्तमानातून दुःखसहनाचा वृत्तांत वाचतात. तो वेगवेगळ्या आवाजांत वाचला जातो, आणि गर्दीचे शब्द आम्ही सगळे म्हणतो. ‘त्याला क्रूसावर खिळा.’ भर उन्हाची वेळ, पंखे फिरताहेत, सगळं चर्च एका आवाजात हे म्हणतं. माझ्या शेजारी थोरली मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत होती. विधी संपेपर्यंत गप्प राहिली. बाहेर आल्यावर चपला घालता घालता तिने विचारलं, ‘आई, तू पण ओरडलीस?’

मी हो म्हटलं.

‘का?’

एवढी वर्षं मी ते शब्द म्हणत आले आहे, आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तिला सांगितलं की तेव्हाची गर्दीसुद्धा वाईट माणसांची नव्हती, आपल्यासारख्याच लोकांची होती. सगळे ओरडत होते म्हणून तेही ओरडले. चर्च आपल्याला ते म्हणायला लावतं, कारण आपण तिथे असतो तर आपणही कदाचित ओरडलो असतो. तिने विचार केला आणि म्हणाली, ‘मी नसते ओरडले.’ मग थोड्या वेळाने, रिक्षात, ‘वर्गात सगळ्या एका मुलीला चिडवतात तेव्हा मी पण चिडवते.’ एवढंच. मी त्यावर काही बोलले नाही, नवऱ्यानेही बोलू नये म्हणून त्याचा हात दाबला.

शनिवार हा वर्षातला सगळ्यांत विचित्र दिवस. चर्चमध्ये वेदी उघडीवाघडी, पवित्र भाकर ठेवतात त्या पेटीचं दार सताड उघडं, दिवा विझलेला. दिवसा मिस्सा नाही. मुलांना घेऊन पाच मिनिटं आत जाऊन आलो. धाकट्याने विचारलं, ‘कुणी घरी नाही?’ मला याहून नेमकं वर्णन करता आलं नसतं.

घरी अंडी रंगवली. जुन्या काळी युरोपात उपवासकाळात अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना ते कळण्याचं कारण नव्हतं, त्यामुळे ईस्टरपर्यंत अंड्यांचा साठा व्हायचा, आणि सणाला अंडी आली. रंग मी विकतचे आणले नाहीत. कांद्याच्या सुक्या साली भरपूर घेऊन पाण्यात उकळायच्या, चमचाभर व्हिनेगर घालायचं, त्यात पांढऱ्या सालीची अंडी उकडायची. गडद विटकरी रंग येतो, फार सुरेख. हळदीचा पिवळाही छान धरतो. बिटाने मात्र निराशा केली, फिकट गुलाबी, डाग पडल्यासारखा. रंगात टाकण्याआधी अंड्यावर कोथिंबिरीचं पान ठेवून ते जुन्या ओढणीच्या तुकड्याने घट्ट बांधलं तर पानाची नक्षी पांढरी उमटते.

ओढणीच्या गाठी सोडत असतानाच थोरलीने विचारलं. मला वाटतं राखेच्या बुधवारपासून तिच्या मनात ते घोळत असणार. ‘येशू तिसऱ्या दिवशी उठला. आजोबा का नाही उठले?’

सासूबाई समोरच कांदे निवडत होत्या. मी म्हटलं, आजोबा परत घरी येणार नाहीत. येशू उठला म्हणून आपण मानतो की आपण सगळेही एक दिवस उठू, शेवटच्या दिवशी. तो कधी येईल हे कुणालाच माहीत नाही. तिला हे उत्तर पसंत पडलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटचा दिवस हा सहा वर्षांच्या मुलीसाठी काही दिवस नव्हे. तेवढ्यात सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, ‘त्यांना एकट्याला आधी उठवलं असतं तर ते वाडीत पाणी सोडायला गेले असते. सगळ्यांना एकदमच उठवणार आहेत. बरी गर्दी होईल. आपल्याला त्यांना शोधावं लागेल.’ थोरली म्हणाली, ‘मी शोधीन. ते टोपी घालतात.’ धाकट्याने तोवर एक अंडं फोडून खाल्लं होतं.

मुलांना दुपारी जबरदस्तीने झोपवलं, कारण ईस्टर जागरणाचा विधी रात्री उशिरा असतो आणि लांबतो. लहान मुलांना न्यावं का, यावर घरोघरी वाद असतात. माझं मत, शक्य असेल तर न्यावं, आणि पुढच्या बाकाच्या मोहात न पडता दाराजवळ बसावं. सगळे दिवे बंद, बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात. तो बघून धाकटा ओरडला, ‘परत होळी!’ आसपासचे हसले. फादरनी पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती हातात घेतली. तिच्यावर क्रूस, ग्रीक मुळाक्षरांतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. पाच जखमांसाठी धूपाचे पाच दाणे खोचतात. थोरलीला आकडे वाचता येतात, तिने मोठ्याने वाचले. मग त्या एका ज्योतीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटत गेल्या, काळोख्या चर्चमध्ये मागून पुढे. धाकट्याची मेणबत्ती नवऱ्याने स्वतःच्या मुठीत त्याची मूठ धरून सांभाळली. पुढच्या बाकावरच्या बाईंचे केस मोकळे होते.

त्यानंतरचं स्तुतिगीत लांब असतं, पण त्यात मेण करणाऱ्या मधमाश्यांचीही आठवण काढलेली आहे, हे कानात सांगितल्यावर थोरलीने तेवढं लक्ष देऊन ऐकलं. वाचनं जगाच्या उत्पत्तीपासून सुरू होतात. आकाश आणि पृथ्वी निर्माण होईपर्यंत धाकटा झोपला. अब्राहाम इसहाकाला बांधतो तिथे थोरलीने बाबांचा हात धरला. तांबडा समुद्र दुभंगेपर्यंत तीही पेंगायला लागली. आणि मग ग्लोरिया. एकदम सगळे दिवे, ऑर्गन, बुरुजावरची मोठी घंटा, वेदीसेवकांच्या हातातल्या छोट्या घंटा, सगळं एकदम. धाकटा दचकून जागा झाला, दोन्ही कानांवर हात ठेवून रडायच्या बेतात. थोरलीने त्याला हलवलं, ‘आल्या! नाशिकवरून आल्या!’ रडणं राहिलं. थोड्या वेळाने आलेलुया सुरू झालं तेव्हा तो बाकावर उभा राहून असा काही गायला की गायनमंडळातल्या एका मुलाने मागे वळून पाहिलं.

रविवार सोपा. सकाळी करवंटीपुढचा दगड अधिकृतपणे हलवला, भोवती मोहरी बोटभर उंच. काजूच्या मार्झिपॅनची अंडी फुटली, वाटणीवरून भांडणं झाली. सासूबाईंनी तांदळाचे वडे केले, कोंबडीचा रस्सा होता. शेजारच्या काकूंकडे ताट गेलं, त्यांच्या पुरणपोळीचा डबा रिकामा कसा परत करायचा. त्यांच्या मुलाला विटकरी अंडं इतकं आवडलं की त्याने ते खाल्लंच नाही, शोकेसमध्ये ठेवलं. चार दिवसांनी ते बाहेर काढावं लागलं.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी मुलांना माग्दालियाच्या मरियेची गोष्ट सांगितली. ती पहाटे कबरेशी रडत उभी असते, मागे येशू उभा असतो, पण ती त्याला ओळखत नाही. तिला वाटतं बागेचा माळीच आहे.

धाकटा उठून बसला. ‘त्याच्या हातात कोयता होता?’

मी म्हटलं, योहानाने तसं लिहिलेलं नाही.

‘असणारच,’ थोरली म्हणाली. ‘नाहीतर तिला माळी कसा वाटला?’